मणक्याचं ऑपरेशन खरंच लागतं का? मिरजेतल्या सेकंड ओपिनियनचा अनुभव

कंबर दुखतेय, एमआरआय झालाय, कुणीतरी ऑपरेशन सांगितलंय आणि घरात दोन तट पडलेत, अशा माणसांसाठी हे लिहितोय. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार, वय ४७. मिरजेत मणक्याचे एक सर्जन आठवड्यातून एक दुपार फक्त दुसरं मत द्यायला बसतात. तिथे मी स्वतःसाठी गेलो, नंतर आईला नेलं, आणि मेहुण्याच्या वेळी तर फोनवरच निम्मं काम झालं. तिघांना तीन वेगळी उत्तरं मिळाली, आणि म्हणूनच माझा या जागेवर विश्वास बसला. डॉक्टरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सगळ्यांना मिरज गाठता येणार नाही. पण दुसरं मत घेताना काय तपासलं जायला हवं आणि काय विचारलं जायला हवं, हे माहीत असेल तर तुमच्या भागातल्या डॉक्टरची पारख तुम्हालाच करता येईल.

माझं दुखणं ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर सुरू झालं. कंबर तर ट्रॅक्टरवर बसणाऱ्या प्रत्येकाची दुखते, त्याचं काही नव्हतं. पण कळ उजव्या कुल्ल्यातून निघून मांडीच्या बाहेरच्या अंगानं पोटरीत, आणि तिथून पावलावरून थेट अंगठ्यापर्यंत जायला लागली. शिंक आली की भिंत धरायची. रात्री कुशीवर झोपलं तरी पाय लांब करता यायचा नाही. छाटणी झाली की पुढचे चार महिने बाग माणसाला सोडत नाही: पेस्टिंग, फेलफूट काढणं, विरळणी, डिपिंग, आणि मधे ढग आले की डावणी या बुरशीरोगाच्या धास्तीनं फवारणीवर फवारणी. अशा वेळी मालकच आडवा पडला तर काय होतं, हे बागायतदाराला सांगायला नको.

एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाईव्हची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून उजवीकडची नस दाबली गेल्याचं आलं. तो घेऊन आधी एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म लाईटवर लावली आणि सांगितलं, नस दबलीय, याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या, मणके जोडायला स्क्रू टाकावे लागतील, उशीर केलात तर दोन्ही पाय जातील. माझ्या पायाला कुणी हात लावला नाही. बूटही काढायला सांगितले नाहीत. बाहेर आल्यावर एका मॅडमनी मेडिक्लेम आहे का विचारलं आणि पॅकेजचा कागद हातात दिला. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. “अहो, दोन्ही पाय जातील म्हणाले ना?” एवढंच ती गाडीत पुन्हापुन्हा विचारत होती. घाबरलेल्या माणसाला त्या कागदावर सही करायला फार वेळ लागत नाही. त्या धंद्याचा मला मनापासून राग आहे.

मिरजेला जायचं सुचवलं ते आमच्या गावातल्या फॅमिली डॉक्टरनी. मिरज आम्हाला नवी नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच काय, कर्नाटकातूनही पेशंट तिथे येतात. या सर्जनची फी आठशे रुपये. महाग वाटेल, पण त्यात काय मिळालं ते वाचा.

आत गेल्यावर मी एमआरआयची पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेऊन टेबलाच्या कडेला ठेवली. म्हणाले, “दादा, फोटो मागनं बघू. आधी तुम्हाला बघतो. बूट-मोजे काढा, पँट गुडघ्याच्या वर घ्या.”

मग त्या छोट्या खोलीत मला टाचांवर चालायला लावलं, नंतर चवड्यांवर. टाचांवर चालताना उजवं पाऊल जरा खाली पडत होतं, ते माझ्या बायकोलाही दिसलं. मग टेबलावर झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला. उजवा थोडा वर गेला की कळ पोटरीत उतरायची, तिथे त्यांनी खूण करून ठेवली. डावा उचलल्यावर उजव्या पायात कळ येते का, हेही विचारलं. गुडघ्यावर आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारून बघितली. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या बाहेर, करंगळीपाशी कापूस फिरवून विचारलं, दोन्हीकडे सारखं लागतंय का. शेवटी पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगितला आणि स्वतःच्या बोटानं खाली दाबला. डाव्याचा हलला नाही. उजव्याचा जोर लावल्यावर हळूहळू खाली आला. कागदावर लिहिलं: उजव्या अंगठ्याची ताकद, पाचपैकी चार.

त्या अंगठ्यावरच पुढचं सगळं ठरलं.

मग प्रश्न. लघवी लागल्याचं कळतं का, सुटायला वेळ लागतो का? बसायच्या जागेला बधिरपणा आहे का? ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं? घरात कुणाला टीबी झालाय का? कॅन्सरचा काही इतिहास? पडलात-बिडलात का? दुखणं कंबरेत जास्त की पायात? पायात जास्त म्हटल्यावर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग पायाच्या कळेला होतो, नुसत्या कंबरदुखीला त्याचा फारसा भरवसा नाही. नुसती कंबर दुखते म्हणून स्क्रू टाकून घ्यायला आलेल्या माणसांना ते सहज हो म्हणत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या भागात ‘मणक्यात गॅप आलाय’ एवढ्यावर माणसं ऑपरेशनला उभी राहतात, म्हणून हे ठळकपणे लिहितोय.

एवढं झाल्यावर एमआरआय बाहेर काढला. मी बागायतदार म्हणून असेल, त्यांनी एक उदाहरण दिलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणाले, “हा बागेचा फोटो आहे. पान पिवळं आहे एवढं फोटोत दिसतं. मुळाला काय झालंय ते वेलीखालच्या बोधावर जाऊन माती उकरल्याशिवाय कळत नाही.” आणि कॉम्प्युटरवर २०१५ मध्ये छापून आलेला एक आढावा दाखवला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. चाळिशीतल्या धडधाकट माणसांत निम्म्या जणांची गादी फुगलेली होती, आणि ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. ऐंशीच्या घरात तर झीज ९६ टक्क्यांना. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ आणि ‘डिजनरेशन’ लिहिलेलं असणं हा काही आजार नव्हे, निम्म्या गावाच्या रिपोर्टमध्ये तेच निघेल. फोटोतली दबलेली नस, पायातल्या कळेची वाट आणि तपासणीत सापडलेला कमजोरपणा हे तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवतात का, हे बघायचं. माझ्या बाबतीत दाखवत होते. माझं दुखणं खरं होतं, नस खरंच दबली होती. तरीही ते म्हणाले, घाई नाही.

दोन्ही पाय जातील या भीतीबद्दल बायकोनंच विचारलं. त्यांनी मणक्याचं मॉडेल हातात घेतलं. मेंदूतून येणारा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली सुट्या नसा असतात. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाजूला सरकली तर बहुधा एका बाजूची एक नस दाबते. पाऊल लुळं पडू शकतं, आणि ते वाईटच. पण सकाळी उठलं आणि दोन्ही पाय गेले, असं या दुखण्यात सहसा होत नाही. एक गंभीर प्रकार मात्र आहे, म्हणाले, आणि तो ओळखायची लक्षणं कागदावर लिहून दिली. तो कागद पुढे मेहुण्याच्या कामी आला, त्याबद्दल खाली सांगतो.

स्क्रूबद्दलही विचारलं. त्यांनी पुढे वाकून आणि मागे वाकून असे दोन एक्स-रे काढायला लावले. मणका मणक्यावरून घसरत नसेल तर नुसता सरकलेला तुकडा काढून भागतं, छोटं ऑपरेशन असतं. माझा मणका घसरत नव्हता. म्हणजे ऑपरेशन करायचं ठरलं असतं तरी स्क्रूचं काम नव्हतं.

मग थांबायचं कशाच्या जोरावर? मला सगळ्यात पटलेला भाग हा. नुसतं ‘बघू’ असं ते म्हणाले नाहीत. गादीचा बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू जिरवतं, आणि बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत उतरते, असं सांगितलं. नेदरलँड्समधला २००७ सालचा एक अभ्यास दाखवला. सहा ते बारा आठवडे सायटिकानं, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळेनं बेजार असलेले २८३ रुग्ण घेतले. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, यात शंका नाही. पण वर्षअखेरीला दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरं वाटतंय म्हणाले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करून घ्यावं लागलं, तेही त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, “ऑपरेशन वाईट नाही दादा, मी रोज करतो. लवकर आराम पाहिजे म्हणून कुणी मागितलं तर तेही चूक नाही. पण तुम्हाला भीतीपोटी करायचं नाही. अंगठा चारवर राहिला, कळ उतरत गेली, तर थांबू. अंगठा तीनवर आला तर थांबायचं नाही, लगेच या. सहा आठवड्यांनी कळ आहे तशीच असेल आणि झोप लागत नसेल, तरी या, मग तुकडा काढून टाकू.” हे तिन्ही मुद्दे लेटरहेडवर लिहून दिले. घरी आल्यावर ज्यानं-त्यानं सल्ले द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो कागद भिंतीला लावला होता.

औषधं थोडी दिली. दुखण्याची गोळी मोजक्या दिवसांची, तीही किडनीची रक्ततपासणी करून. रात्रीची एक गोळी दिली आणि ती घेऊन ट्रॅक्टरला हात लावायचा नाही असं बजावलं. अंथरुणाला खिळून राहायचं नाही, जमेल तेवढं चालायचं. पट्टा पहिल्या दिवसांत गरजेपुरता. वजन लावून मणका ताणायचा का विचारलं, तर म्हणाले, त्यानं टिकाऊ फायदा होत नाही. नसेपाशी द्यायचं इंजेक्शन हा मधला मार्ग आहे, कळ काही काळ कमी होते आणि तेवढ्यात शरीर आपलं काम करतं. मला ते लागलं नाही.

फिजिओथेरपी त्याच इमारतीत आहे आणि तिथल्या ताई फार चांगल्या आहेत. मशिनं लावून शेकत बसवलं नाही. पालथं झोपवलं, मग कोपरावर उठायला लावलं, मग हात टेकून छाती वर, कंबर ढिली. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: “काका, कळ आता कुठवर आहे?” त्यांचं म्हणणं, कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पण पाय रिकामा व्हायला पाहिजे. कळ अंगठ्यातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी मागे सरकत गेली की आपण बरोबर वाटेवर आहोत. आणि तशीच ती सरकली. एके सकाळी बांधावरून चालताना लक्षात आलं की पोटरी मोकळी आहे, नुसता कुल्ला ठणकतोय. घरी येऊन बायकोला आधी ते सांगितलं, मग चहा घेतला.

अंगठा पाचवर आला. फवारणीला त्या हंगामात मजूर आणि भाऊ होते, मी ट्रॅक्टरवर बसलो नाही. काढणीला क्रेट अजूनही उचलत नाही. डॉक्टरांनी बंदी घातलेली नाही, वाकून उचलायच्या ऐवजी गुडघ्यात बसून अंगाजवळ धरून उचला म्हणाले, पण मी अजून धजत नाही.

आईचं प्रकरण निराळं होतं. सत्तरी ओलांडलेली, शुगर आहे. चालायला लागली की दोन्ही पोटऱ्या जड होतात, वाटेत कट्टा दिसला की बसायचं, बसलं की बरं. पुढे वाकून काठी टेकत चालली तर जरा लांब जाता यायचं. डॉक्टरांनी तिच्या पावलावरची नाडी हातानं बघितली, कारण रक्तपुरवठा कमी असला तरी पोटऱ्या अशाच भरून येतात. नाडी चांगली लागत होती. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली होती. ते तिला म्हणाले, “मावशी, यात घाबरायचं काही नाही. बरेच जण वर्षानुवर्षं असेच राहतात, झटकन काही बिघडत नाही. पण चालणंही वाढेल असं नाही. तुम्हाला कुठवर चालायचंय ते सांगा, त्यावर ठरवू.” आईनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मला मळ्यात जायचंय रोज. घरात बसून मी काय करू?” निर्णय तिचा झाला, आमचा कुणाचा नाही. आधी शुगर आटोक्यात आणायला लावली, मगच ऑपरेशन, तेही स्क्रूशिवाय, कारण मणका घसरत नव्हता. पायाचा जडपणा गेला. कंबर पूर्वीइतकीच दुखते, आणि ती दुखत राहील हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलेलं असल्यामुळे कुणाची निराशा झाली नाही. आई मळ्यात जाते.

मेहुणा बेदाण्याच्या पेट्या उचलायचं काम करतो. त्याची कंबर आधीपासून धरलेली. एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला की याचे दोन्ही पाय मुंग्या आल्यासारखे झालेत आणि सकाळपासून लघवी झालेली नाही. त्या कागदाशेजारीच भिंतीवर लावलेल्या लक्षणांच्या कागदावर हेच लिहिलं होतं: लघवी अडकणं, बसायच्या जागेला बधिरपणा, शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही पायांची ताकद जाणं. मी दवाखान्यात फोन लावला. उचलणाऱ्या मुलानं चारच प्रश्न विचारले आणि लगेच डॉक्टरांना दिला. ते म्हणाले, ओपीडीत यायचं नाही, आत्ता गाडीत घाला आणि कॅज्युअल्टीला आणा, मी पोचतो. रात्रीच एमआरआय, उजाडायच्या आत ऑपरेशन. गादीचा मोठा तुकडा मधोमध आला होता. अशा वेळी एक-दोन दिवसांची ढिलाईसुद्धा लघवीचा ताबा कायमचा घालवू शकते. लघवीची नळी बरेच दिवस राहिली, पण आता लघवी सुरळीत आहे. बसायच्या जागेचा बधिरपणा थोडा शिल्लक आहे. मला थांबा म्हणणारा आणि त्याला एक रात्रही न देणारा माणूस तोच.

आमच्या भागात मणका बसवणारे, नस मोकळी करणारे गावोगाव आहेत. मी कुणाच्या पोटावर पाय द्यायला बसलेलो नाही. पण म्हातारं माणूस असेल, हाडं ठिसूळ असतील, ताप असेल, वजन उतरत असेल, तर कृपा करून पाठीवर कुणाला पाय देऊ देऊ नका. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे. वेळेत सापडला तर बऱ्याच जणांना नुसत्या गोळ्यांनी बरा होतो, आणि अशा मणक्यावर दाब दिला तर तो खचू शकतो.

आता तक्रारी. वेटिंगमधली बाकडी लोखंडी आणि बिनपाठीची आहेत. कंबरदुखीच्या पेशंटला त्यावर दोन-दोन तास बसवणं बरोबर नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. फिजिओथेरपी वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, ती मी गेलो तेव्हाही बंद होती आणि आईच्या वेळीही. एकेका पेशंटला वेळ देतात, त्यामुळे दिलेली वेळ कधीच पाळली जात नाही, जेवून जा. कानडी बोलणाऱ्या पेशंटला समजावून सांगायला एक सिस्टर आहेत, त्या सुट्टीवर असल्या की त्या लोकांचे हाल होतात. या चार गोष्टींसाठी अर्धा स्टार कमी, पाचपैकी साडेचार.

जाताना एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या, नुसता रिपोर्टचा कागद चालत नाही. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. घरातलं एक माणूस बरोबर न्या, कारण तुमचं निम्मं ऐकायचं राहून जातं आणि चालताना पाऊल कसं पडतं ते त्याला दिसतं. ढिली पँट किंवा धोतर-लुंगी घाला. नंबर आदल्या दिवशी सकाळी फोनवर लागतात, दुपारनंतर कुणी उचलत नाही. लघवीचा त्रास असेल तर मात्र नंबरची वाट बघू नका, फोनवर तेच आधी सांगा. पुढच्या दारात पायऱ्या आहेत. रिक्षावाल्याला मागच्या गेटनं घ्यायला सांगा, तिकडे उतार आहे आणि व्हीलचेअर आतपर्यंत जाते.